अडलेला उतारा

परंडा तालुक्यात पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती कशी होते हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस आता औषधालाही सापडायचा नाही, आणि याचं सगळं पुण्य, किंवा ज्यांना ते ऐकून घ्यावं लागलं त्यांच्या मते सगळं पाप, एकट्या माझ्या साडूंच्या माथी आहे. साडू आमच्याच ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि मी मराठी. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. एका घरचे दोन जावई एकाच स्टाफरूममध्ये समोरासमोर बसवणं हा खरं तर दोघांवरही अन्याय होता, पण त्यांचा मला जेवढा त्रास झाला तेवढा माझा त्यांना झाला नसावा, कारण मीही काही बोलतोय हे त्यांच्या लक्षातच येत नसे. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की ते वस्तऱ्याचा हात वरच्या वर थांबवत आणि उन्हानं कातडीच्या पेशीत काय घडतं ते सांगू लागत. उरलेल्या गालावरचा साबण वाळून जायचा, तरी विषय संपायचा नाही. लग्नाच्या पंगतीत आमटीची बादली घेऊन वाढपी समोर आला की त्यालाच गाठत. "थांब जरा. तू आत्ता इथं अडलास का न्हाय? मग तुझ्या मागच्या भाजीवाल्याचं काय झालं, बघ बरं," असं म्हणून ते पंगतीवरून पेशीवर येत, आणि खालच्या टोकाची मंडळी कोरड्या भाताकडे बघत बसत. पुढे पुढे वाढपी साडू कुठल्या रांगेत बसलेत ते आधी हेरून ठेवायचे आणि त्या रांगेला उलट्या टोकानं सुरुवात करायचे. कुर्डुवाडीच्या एसटीत लोक दांडीला लोंबकळत उभे असत, पण साडूंच्या शेजारची जागा रिकामी राही.

त्यांचा सगळ्यात गाजलेला दृष्टान्त त्यांना तलाठ्याच्या कचेरीत सुचला. आम्ही दोघं सासऱ्यांच्या जमिनीच्या सातबाराचा उतारा आणायला गेलो होतो आणि कारकून जागेवर नव्हता. मी कंटाळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. साडूंनी मात्र बाकावर ताटकळलेल्या शेतकऱ्यांचा ताबडतोब वर्ग भरवला. "असं बघा, मूळ दप्तर कचेरीबाहेर जातं का? न्हाय जात. आपल्या हातात पडतो तो उतारा. पेशीतबी तसंच हाय. डीएनए हे मूळ दप्तर, ते कुलपात. त्याचा उतारा काढून बाहेर पाठवायचा आन् त्यावर सगळं शरीर चालवायचं. हा उतारा काढणारा जो कारकून असतो, त्याचं नाव हरी." तिथल्या कारकुनाचं नाव हरी नव्हतं, पण पुढच्या म्हणीसाठी साडूंना हरीच हवा होता. हा हरी म्हणे ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत जातो. उन्हानं शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटली की त्याचं बोट तिथंच अडतं. पुढं सरता येत नाही, मागं फिरता येत नाही, आणि सगळा कारभार खोळंबतो. पण त्यातली गंमत अशी की बिघाड कुठं आहे हे पेशीला कळतं ते हरी अडला म्हणूनच. ज्या पानाकडे कुणी फिरकत नाही तिथली चूक बराच काळ तशीच पडून राहते. जे पान रोज लागतं तिथली आधी दुरुस्त होते, कारण तिथं हरी उभा राहून बोंब मारतो. बोंब ऐकून पहिला मदतनीस येतो, तो हरीला मागून ढकलून बघतो. किरकोळ डाग असला तर हरी पुढं जातो. जात नसेल तर तो दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. मग हरीला खूण लावायची, बाजूला सरकवायचं, बिघडलेला तुकडा कापायचा, नवा जोडायचा. "आन् हरी हललाच न्हाय तर?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "मग त्याला मोडीत काढायचं," साडू म्हणाले. म्हाताऱ्याला हरीबद्दल फार वाईट वाटलं. साडूंनी त्याची समजूत घातली, "काढावंच लागतंय, बाबा. एक हरी गेला तर दुसरा येतो. पण अडलेला तिथंच बसून राहिला तर दुरुस्ती करणाऱ्यालाबी हात घालता येत न्हाय. शेवटी पेशी मरते ती त्या अडलेल्या हरीनं." कारकून परत आला तेव्हा त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण साडू दरवर्षी वर्गात सांगत, त्यातलं गाढव म्हणजे तो ढकलणारा मदतनीस हेही सांगत, आणि पुस्तकातली खरी नावं मात्र तास संपला म्हणून राहून जात. एका वर्षी परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. आमच्या मुलांनी एकजात लिहिलं की उतारा काढताना हरी अडला तर तो गाढवाचे पाय धरतो आणि गाढवानं ऐकलं नाही तर हरीला मोडीत काढण्यात येते. एका मुलीनं आकृती काढली होती, त्यात गाढवाला शेपूटही होतं. पेपर तपासणाऱ्याचा निरोप प्राचार्यांकडे आला आणि प्राचार्यांनी बोलावून घेतलं मला, कारण म्हण माझ्या विषयातली. मी हात जोडून सांगितलं की मी ही म्हण आजवर वर्गात उच्चारलेली नाही. साडूंना या प्रकाराची ना खंत ना खेद. "पोरांना कळलंय, पाव्हणं. मार्क न्हाय मिळालं तर जाऊ द्या," एवढंच म्हणाले. पालक माझ्याशी बरेच दिवस तुटक वागत होते.

वरवर हे वेड वाटे, आणि आम्ही त्याला हसतही असू, पण ते सुरू झालं मैनेपासून. मैना ही साडूंची धाकटी मुलगी. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. पहिलं वर्ष सरल्यावर मात्र तिची वाढ जी रेंगाळली ती कायमची. अंगणात थोडा वेळ ऊन लागलं तरी तोंड भाजल्यासारखं लाल व्हायचं. डोळे आत गेले, पाय थंडगार राहू लागले, ऐकू कमी येऊ लागलं, आणि शाळेच्या वयात तिचा चेहरा एखाद्या आजीबाईसारखा दिसायला लागला. कितीतरी दवाखाने झाल्यावर मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी निदान केलं. नाव कुण्या इंग्रज डॉक्टरचं होतं. अर्थ असा की हिच्या पेशीत उतारा अडला की सोडवायला कुणी येत नाही. यावर औषध नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या दिवसापर्यंत साडूंनी हा भाग वर्गात एका वाक्यात उरकला होता. परतल्यावर ते त्यात बुडाले ते वर आलेच नाहीत. घराच्या खिडक्यांना त्यांनी गोणपाट शिवून लावलं, अंगणावर दुहेरी ताडपत्री ताणली, आणि गावातल्या कुठल्या गल्लीत कुठल्या वेळी सावली असते ते त्यांना तोंडपाठ झालं. पोरं त्यांना सावलीसर म्हणायची. ऊन उतरलं की ते मैनेला सायकलच्या पुढच्या नळीवर बसवून किल्ल्याकडे न्यायचे. मैनेला माणसांचं भारी वेड. वाटेत जो दिसेल त्याला हात करायची, ओळख असो नसो, आणि न बघणाऱ्यासाठी साडूंना सायकल थांबवायला लावायची. मी त्यांना एकदा म्हटलं, "एवढी सावली धरलीत, आता फरक पडेल." तेव्हा ते पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "उन्हाचं काय, पाव्हणं, ते अडवता येतं. पण पेशीची आपली चूल असते, तिच्या धुरानंबी अक्षरं बिघडतात. तो धूर कुठनं अडवू?" तोवर मला वाटत होतं की त्यांना काहीतरी आशा आहे.

सासूबाईंना निदान कळलं ते याच भाषेत. साडूंनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, "थोडक्यात काय, मामी, पोरीचा उतारा अडलाय." सासूबाईंना यातला शेवटचा भाग स्वच्छ कळला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी दहीभात, लिंबू, हळदकुंकू आणि मैनेवरून ओवाळलेली भाकरी असा रीतसर उतारा ईटच्या, म्हणजे आमच्या सासुरवाडीच्या, तिकटीवर नेऊन ठेवला, मागं न बघता घरी आल्या आणि जावयाला फोन करून म्हणाल्या, "टाकलाय बरं का. आता न्हाय अडायचा." साडूंनी हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो, तेही हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत बसले. सासूबाईंना त्यांनी कधीही चूक दाखवली नाही. उलट दर अमावस्येला विचारत, "मामी, उतारा टाकला का?"

हे ‘मामी’ मुद्दाम लिहिलं. साडू हे माझ्या सासऱ्यांचे सख्खे भाचे. आमच्याकडे बहिणीच्या मुलाला भावाची मुलगी देण्याची चाल आहे; मामाची पोरगी म्हणजे हक्काची. मी जळकोटचा, परक्या घरचा जावई, म्हणून मला पाहुण्यासारखं पाटावर बसवायचे, आणि साडू थेट चुलीपाशी जाऊन भाकरी उचलायचे. एकदा कॉलेजात तास नव्हता, आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं जे गावभर सांगत हिंडताना ते नेमकं गाळायचे. माणसाकडे दप्तराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एकीत चूक असली तर दुसरी सांभाळून घेते. "आमच्या मैनेला दोन्हीकडनं तेच चुकीचं पान आलं. येणारच. दोन्ही प्रती एकाच आज्याच्या." मी विचारलं, "अक्कांना सांगितलंत?" ते म्हणाले, "कसं सांगू? तिला असं सांगायचं, की आपलं लग्नच झालं नसतं तर बरं झालं असतं?" परंडा तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला डीएनए समजावणाऱ्या या गृहस्थानं स्वतःच्या बायकोला त्यातलं एवढंच एक सांगितलं नव्हतं, आणि अक्कांनीही कधी विचारलं नव्हतं. त्या मैनेला भरवायच्या, तिचे पाय चोळायच्या आणि नवरा बोलायला लागला की आत जायच्या.

मैना गेल्या दिवाळीनंतर गेली. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनाही साडू हरी कसा अडतो ते सांगत होते, आणि तो दिवस असा होता की कुणी उठून गेलं नाही. त्यानंतर ईटला वडीलधाऱ्यांची बैठक बसली. घरात दुःख झालंय, तर वर्षाच्या आत मंगल कार्य व्हावं, असं ठरलं. साडूंचा थोरला मुलगा लग्नाचा होता. मेव्हण्याची मुलगी लग्नाची होती. पोराला मामाची पोरगी. कुणाला विचार करायचीसुद्धा गरज वाटली नाही, आणि अक्का तर मैना गेल्यावर पहिल्यांदाच जराशा हसल्या. सुपारी फोडायचा दिवस धरला. मी साडूंना गाठून म्हटलं, "आता तरी बोला. निदान दोघांची तपासणी करू म्हणा." ते म्हणाले, "पोरीचं रक्त तपासा म्हणालो तर उद्या तिला कोण करील? आन् का तपासायचं म्हणून विचारलं तर काय सांगू?" मला त्यांचा राग आला. असा राग मला त्यांच्या बडबडीचाही कधी आला नव्हता. ज्या माणसाला इतकं कळतं त्यानं गप्प बसून दोन पोरांचं लग्न होऊ द्यायचं, हे मला बघवत नव्हतं, आणि अक्कांच्या तोंडाकडे बघितलं की मलाही बोलवत नव्हतं.

सुपारीच्या दिवशी आम्ही गाडी करून ईटला गेलो. भूम मागं पडलं तरी साडू एक शब्द बोलले नाहीत. ड्रायव्हरसुद्धा सारखा आरशात बघत होता. मेव्हण्याच्या घरी बैठक भरली. पाटावर तांदूळ, विड्याची पानं, त्यावर सुपारी, बाजूला अडकित्ता. गुरुजींनी दोन्हीकडच्यांना विचारलं, कुणाची हरकत नाही ना? सगळे नाही म्हणाले. गुरुजींनी अडकित्ता उचलला आणि बघतात तो पानावर सुपारी नाही. जाजम झटकलं, तांदूळ चाचपले, कुणी म्हणालं उंदरानं नेली. माझं लक्ष साडूंकडे गेलं. ते ताठ बसले होते आणि त्यांचा डावा गाल फुगला होता. आख्खी सुपारी तोंडात. मेव्हणाही तिकडं बघू लागला, म्हणाला, "दाजी, काय खाल्लं?" साडूंना बोलता येईना. दोघं-चौघं खो खो हसले. भाचा म्हणून लहानपणापासून या घरात त्यांचे लाड, त्यामुळे सगळ्यांना ती थट्टाच वाटली. मग साडूंनी ओली सुपारी हातावर काढली, मूठ मिटली, आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं.

"ही सुपारी फोडू नका. मैना गेली ती आमी मामा-आत्याची पोरं हाय म्हणून. माझ्यात जी खोट हाय तीच तिच्या आईत हाय. या पोरांतबी असंल."

मेव्हण्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "म्हंजी आमच्या रक्तात खोट हाय म्हनता, व्हय?"

"तुमच्या न्हाय. आपल्या."

"भर बैठकीत माझ्या पोरीला बट्टा लावला तुमी."

साडूंनी मान खाली घातली. मुलीकडचे लोक उठू लागले. माझी नजर दाराकडे होती. अक्का चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ही बाई रडेल, किंवा नवऱ्याला चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं, आणि तसं केलं असतं तरी मी तिलाच बरोबर म्हटलं असतं. त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, म्हंजी ते गिराणामुळं नव्हतं?"

साडूंना कळेना. कुणालाच कळेना.

"मैनेच्या टायमाला मला दिवस होते. सूर्याला गिराण लागलं होतं. समद्यांनी सांगितलं, बाहीर येऊ नगंस. शेळी तुरीत शिरली म्हनून म्या हाकलाया अंगणात गेले. एवढंसंच गेले. पर सूर्यानं बघितलं. म्हनून पोरीला ऊन सोसत नव्हतं. म्या म्हनलं, माझ्या हातनं झालं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्हनून रविवार धरले. म्हनून कवा विचारलं न्हाय तुमाला. तुमी ते इंग्रजी कायबाय सांगायचा लोकास्नी, मला वाटायचं माझं पाप झाकाया सांगताय."

साडूंनी वर बघितलं. बायकोला दुखवायला नको म्हणून हा माणूस इतकी वर्षं गप्प राहिला होता, आणि तेवढी सगळी वर्षं ती एका शेळीपायी स्वतःला पोरीची वैरीण समजत होती. माझ्या बायकोनं बहिणीला धरलं. गुरुजींनी अडकित्ता पिशवीत टाकला. परतीच्या वाटेवर गाडीत अक्का नवऱ्याच्या शेजारी बसल्या नाहीत, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

मेव्हण्यानं त्यानंतर दोन्ही बहिणींच्या घरची पायरी चढलेली नाही. त्याच्या मुलीचं दुसरीकडे जमलं. आम्हाला आमंत्रण नव्हतं. साडूही आता निवृत्त झालेत आणि पंगतीत मुकाट जेवतात. वाढपी बिनघोर पुढं जातात. परवा एका लग्नात एका जुन्या वाढप्यानं बादली त्यांच्यासमोर मुद्दाम धरून ठेवली, पण त्यांनी नुसतं पान पुढं केलं. त्या बडबडीला मी किती कंटाळलो होतो, आणि आता ती कुठून विकत मिळाली असती तर मी आणली असती.

ते सांगतात ते फक्त अक्कांना. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा अक्का लसूण सोलत होत्या आणि साडू त्यांच्यासमोर पाटावर बसून दप्तर, हरी, दोन प्रती, आज्याचं पान असं पहिल्यापासून सांगत होते. मी दारातच थांबलो. साडू शेवटाला आले. अक्कांनी हातातली पाकळी खाली ठेवली.

"ते शेळीचं?"

"शेळीचा काही संबंध न्हाय."

"आन् म्या बाहीर गेले ते?"

"तू गेलीस न गेलीस, तिला तेच झालं असतं. तुझ्या हातनं काही झालं न्हाय."

अक्का पुन्हा लसूण हातात घेऊन म्हणाल्या, "तेवढंच पुन्यांदा सांगा."